वाढणाऱ्याचा दोष किती?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पेणच्या खारेपाटातील आमचे एक बंधू आमच्याकडे आले व बराच वेळ काही न बोलता ओटीवर बसून राहिले. त्यांच्या वडिलांस जाऊन महिना झाला होता. वडील मिठागरावर जन्म काढलेले, दम्याने जर्जर झालेले. एका रात्री त्यांचा श्वास कोंडला, तेव्हा मुलाने त्यांस एका सरकारी रुग्णालयात नेले. रुग्णालयाचे नाव आम्ही लिहीत नाही. लिहिण्याचे कारणही नाही, कारण जे घडले ते आपल्या प्रांतातील कितीएक रुग्णालयांत घडले असते. प्राणवायू लावला, इंजेक्शन दिले, मध्यरात्रीपर्यंत म्हाताऱ्यास बरे वाटले. पहाटे तीनच्या सुमारास जीव पुन्हा घाबरा झाला. मुलगा सिस्टरबाईंस बोलवावयास धावला. त्या प्रसूतीच्या खोलीत होत्या. एका स्त्रीस नुकतेच मूल झाले होते व रक्त थांबत नव्हते. डॉक्टर एकच, ते महामार्गावरील अपघाताच्या जखमींपाशी गुंतलेले. "आले, आले," असे सिस्टरबाईंनी आतून दोनदा सांगितले. त्या बाहेर आल्या तेव्हा पाऊण तास लोटला होता. उजाडण्यापूर्वी म्हातारे वारले. ती स्त्री व तिचे मूल जगले.

बंधूंनी हे सर्व सांगून झाल्यावर विचारले, "पाळकसाहेब, त्या बाईला क्षमा कर असे तुम्ही सांगाल, हे मला ठाऊक आहे. पण आधी एवढे सांगा, तिने अपराध तरी केला काय?"

आम्ही त्या दिवशी त्यांस उत्तर देऊ शकलो नाही. प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. जेथे अपराध नाही तेथे क्षमा करावयाची ती कशाची? सिस्टरबाईंनी दोन जीवांपैकी ज्याचे रक्त वाहत होते तो आधी धरला. त्या जागी कोणीही शहाणा मनुष्य तेच करता. मग त्या निर्दोष ठरल्या. परंतु म्हाताऱ्याचेही काही देणे होते. आजारी मनुष्य रुग्णालयात निजला म्हणजे हाकेस ओ मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि ती ओ त्यास मिळाली नाही. एकीकडे घेणे उरले आहे व दुसरीकडे देणेकरी सापडत नाही, असा हा विलक्षण हिशेब आहे. देणेकरी खरोखरच नसेल काय, की आपण त्यास चुकीच्या ठिकाणी शोधीत आहो?

आमच्या वाचकांनी लग्नाच्या पंगती पुष्कळ पाहिल्या असतील. शंभर पाने मांडली व भात साठांचा शिजविला, तर काय होते? पहिल्या ओळीस पोटभर मिळते, मधल्या ओळीस मूठमूठ, आणि शेवटल्या ओळीपुढे वाढपी रिकामे भांडे घेऊन उभा राहतो. शिव्या त्यास खाव्या लागतात. ज्याने तांदूळ मोजून दिले तो मांडवात बसून पाहुण्यांशी बोलत असतो. त्यास कोणी ओळखीतही नाही. वाढप्याने फार तर एवढेच करावे की भांडे आधी म्हाताऱ्यांकडे व लेकरांकडे न्यावे. तेवढे त्याच्या हाती आहे आणि तेवढ्यापुरता तो जबाबदार आहे. भात किती शिजला हे त्याच्या हाती नाही. सरकारी रुग्णालयातील परिचारिका ही त्या पंगतीतील वाढपी होय. म्हणून तिच्याविषयी न्याय करावयाचा तर आधी कोठीघरात जाऊन तांदूळ कोणी व कोणत्या मापाने मोजले ते पाहिले पाहिजे.

माप बहुतेक डोक्यांचे आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ व आदिवासी प्रदेशात हेच आकडे ३,००० व २०,००० असे धरले आहेत. त्यावर ग्रामीण रुग्णालय, ते सामान्यतः ३० खाटांचे. त्यावर पेण व रोहा येथे आहेत तशी उपजिल्हा रुग्णालये. आणि सर्वांवर अलिबागचे जिल्हा रुग्णालय. ही मांडणी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा या देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. तेथून निघालेला देश खेड्यातील उपकेंद्रात आरोग्यसेविका बसवू शकला, हे लहान काम नव्हे. ज्यांच्या आज्या चुलीच्या उजेडात सुईणीच्या हाताखाली बाळंत झाल्या व त्यांतल्या कितीएक तेथेच गेल्या, त्यांनी तरी ते विसरू नये.

पण डोक्यांच्या मापात दोन खोडी आहेत. पहिली अशी की डोकी जुनी आहेत. २०११ च्या शिरगणतीत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६,३४,२०० भरली. त्यानंतर २०२१ ची शिरगणती व्हावयाची ती झाली नाही. मधल्या काळात कारखाने वाढले, रस्ते रुंदावले, पनवेलपासून इकडे वस्ती सरकत आली, आणि मोजमापाची वही मात्र जुन्याच पानावर उघडी राहिली. दुसरी खोड अधिक गंभीर आहे. वही मनुष्यास एका जागी बसलेला धरते. पेण व रोहे तालुक्यांच्या डोंगराळ भागात वाडीवाडीतून कातकरी लोक राहतात. भारत सरकारने ज्या जमातींस विशेष दुर्बल आदिवासी समूह म्हटले आहे त्यांत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड येतात. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. एखादी स्त्री तिसऱ्या महिन्यात आपल्या उपकेंद्राच्या वहीत नोंदविली जाते, सातव्यात ती परक्या तालुक्यातील भट्टीवर पाल ठोकून असते. इकडच्या आरोग्यसेविकेच्या वहीत तिच्या नावापुढे "स्थलांतरित" असा शब्द पडतो; तिकडच्या वहीत तिचे नावच नाही. दोन्ही वह्या बरोबर, आणि बाई मात्र कोणाच्याच वाट्यास नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा जमातींसाठी पंतप्रधान जनमन नावाची मोहीम काढली व फिरत्या दवाखान्यांची योजना तीत घातली. ती वही उचलून माणसामागे नेण्याची कल्पना आहे, आणि कल्पना योग्य आहे. पण फिरत्या गाडीतही कोणीतरी सिस्टर बसावी लागते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी खेड्यातील मनुष्यास सहसा कोणी समजावून देत नाही. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे; उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे; वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच खात्याकडे. जे लोक नेमले जातात त्यांतही कोणी कायम, कोणी राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी, कोणी दुसरीकडून उसने आणलेले, ज्यास प्रतिनियुक्ती म्हणतात. शिवाय पद मंजूर असणे निराळे व ते भरलेले असणे निराळे. कागदावर सहा परिचारिका असतात. एक प्रसूतीच्या रजेवर, एकीची बदली झाली व तिच्या जागी कोणी आले नाही, एकीस दुसऱ्या रुग्णालयाने उसने नेले. उरलेल्या तिघींत तीन पाळ्या बसवा. तिघींपैकी एकीस ताप आला म्हणजे पाहा काय होते ते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक, म्हणजे पाळीचा हिशेब करता पंधरा खाटांमागे एक परिचारिका असावी, आणि रजेच्या सोयीसाठी शेकडा ३० जास्त. हे माप श्रीमंतांचे नव्हे. तरी आपल्याकडे रात्रीच्या वेळी या मापाने भरलेला वॉर्ड आम्ही क्वचितच पाहिला.

असे का होते? दारिद्र्य हे एक उत्तर आहे व ते काही अंशी खरे आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सांगितले की राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकातील शेकडा ८ हून अधिक भाग आरोग्याकडे लावावा. महाराष्ट्र हे श्रीमंत राज्य गणले जाते, तरी ते त्या रेषेच्या बरेच खाली राहिले आहे. परंतु आम्हांस वाटते, पैसा असतानाही तो परिचारिकेपर्यंत पोचत नाही याचे कारण त्या पैशाच्या स्वभावातच आहे. यंत्र एकदा घेतले की संपले. त्यावर पाटी लावता येते, फीत कापता येते, छायाचित्र निघते. रोह्याजवळ धाटाव येथे एवढी औद्योगिक वसाहत आहे. कारखानदारांस समाजकार्यासाठी खर्च करण्याचा कायदा आहे. असा पैसा रुग्णवाहिका, खाटा, प्राणवायूची यंत्रे यांत सहज जातो, व त्यांबद्दल आपण कृतज्ञ असावे. पण एका परिचारिकेचा वीस वर्षांचा पगार आम्ही देतो, असे म्हणणारा दाता आमच्या ऐकिवात नाही. रात्रपाळीचे उद्घाटन कोण करणार? सरकारचेही असेच आहे. इमारत ही मालमत्ता म्हणून लिहिली जाते, सिस्टर ही खर्च म्हणून. आणि हिशेब तपासणारा लाल पेन्सिल घेऊन बसतो तो खर्चाच्या रकान्यावर.

विम्याच्या योजनांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०१३ मध्ये ती सर्व राज्यभर झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये ती ५ लाख रुपयांपर्यंत व सर्वांसाठी वाढविण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले. या योजनेखाली हृदयाची शस्त्रक्रिया झालेली माणसे आमच्या मंडळ्यांत आहेत. ती आज जिवंत आहेत, आणि जो या योजनेस नावे ठेवील त्याने आधी त्यांच्या घरी जाऊन यावे. परंतु ती पैसे देते ते नेमलेल्या उपचारांबद्दल, एका ठरलेल्या गठ्ठ्याने. त्या गठ्ठ्यात औषध आहे, शस्त्रक्रिया आहे, खाट आहे; परिचारिकेने रात्रभर केलेली देखरेख त्यातच कोठेतरी धरली आहे, तिची वेगळी किंमत नाही. ज्या वस्तूस किंमत नाही ती थोडक्यात भागवावी असे ज्याच्या त्याच्या मनात येते. आणि विनामूल्य उपचार झाले म्हणून दारात गर्दी वाढली, तर आत हातही वाढले पाहिजेत, हे ठरविणारी चिठ्ठी त्याच टपालाने निघत नाही.

आता कोणी म्हणेल, परिचारिका देखरेख करते म्हणजे असे काय विशेष करते? औषध तर डॉक्टर देतो. याचे उत्तर आमच्या कोकणातील फुरशाने द्यावे. फुरसे चावल्यावर रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी होते. ती गेली की नाही हे ओळखण्याची एक साधी रीत आहे: शिरेतील थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवावे, मग नळी तिरपी करून पाहावी. रक्त वाहिले तर विष चढले आहे. सर्पविषावरील लस द्यावी, आणि पुढे सहा सहा तासांनी हीच परीक्षा पुन्हा करावी. नळीची किंमत चार पैसे. खरी किंमत त्या २० मिनिटांची आहे: कोणीतरी ती नळी ध्यानात ठेवावी, वेळेवर उचलावी, आणि मधल्या काळात लस चढताना रुग्णास थंडी वाजून रक्तदाब पडत तर नाही ना हे पाहावे. मण्यार चावली तर दंश दुखतही नाही. डोळ्यांच्या पापण्या जड होतात, मग श्वास मंदावतो. पापणी उतरली हे यंत्र सांगत नाही, कोणीतरी तोंडाकडे पाहावे लागते. बाळंतिणीचे तसेच. मूल झाल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी व रक्तस्राव पाहावा असा नियम आहे. म्हणजे एकीसाठी आठ फेऱ्या.

महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचा अभ्यास आरंभिला, तेव्हा त्यांच्यापाशी कोणती मोठी यंत्रे होती? लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व लेकरे मरत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची टिपणे ठेवली व प्राझोसिन नावाच्या एका स्वस्त गोळीने ही मरणे टाळता येतात हे दाखविले. १९८२ साली लॅन्सेट या विलायती वैद्यकीय पत्रात त्यांनी याविषयी लिहिले, आणि २०२२ मध्ये सरकारने त्यांस पद्मश्री दिली. आपल्या जिल्ह्याने जगास दिलेली ही देणगी आहे. आम्ही तिचे स्मरण एवढ्यासाठी करितो की तिच्या मुळाशी गोळीइतकीच ती बसलेली रात्र होती.

आता हिशेब करा. समजा वॉर्डात ३० माणसे आहेत, सिस्टर एक, आणि पाळी रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत. बारा तासांची ७२० मिनिटे, माणशी २४. त्यातून वह्या लिहिण्याचा वेळ काढा, औषधे मोजण्याचा काढा, नव्याने आलेल्या रुग्णास घेण्याचा काढा. कोणी १५ मिनिटांची आठ फेऱ्यांची बाळंतीण आली व कोणी २० मिनिटांची नळी आली, की बाकीच्या २८ जणांची मिनिटे त्यांच्याकडे गेली. अमेरिकेत लिंडा एकन व त्यांच्या सोबत्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास करून २००२ साली असे दाखविले की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मरण्याचा संभव शेकडा सातांनी वाढतो. आमच्या बंधूंचे वडील हे त्या शेकड्यातील एक डोके होते असे सिद्ध करता येणार नाही. असे मरण कोणाच्याच नावावर सिद्ध करता येत नाही, म्हणून तर ते इतके सहज होऊ दिले जाते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र दिवा हाती घेतलेल्या बाईचे आहे. आमच्या शाळांतून मुलींस ते दाखविले जाते. त्यांचे दुसरे चित्र कोणी दाखवीत नाही, ते आकडे मांडणाऱ्या बाईचे. १८५४ मध्ये त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, आणि परत आल्यावर त्यांनी आकृत्या काढून सरकारास दाखविले की शिपाई जखमांनी थोडे मेले व घाणीतून आलेल्या रोगांनी फार मेले. केवळ दिव्याने भागले असते तर त्यांनी आकृत्या कशास काढल्या असत्या?

येथवर आम्ही परिचारिकेची बाजू घेतली. परंतु या लेखाने कोणास संत करावयाचे नाही. कातकरी बायांस सरकारी रुग्णालयात कसे बोलले जाते हे आमचे उपदेशक बंधू जाणतात. त्यांतील कित्येक त्या बायांबरोबर जाऊन बाकावर बसले आहेत. "आंघोळ करून यावयास काय झाले? इतकी पोरे कशास?" हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. अशा वेळी आम्हांस एक सिस्टरबाई म्हणाल्या, "साहेब, चौदाव्या तासाला माया उरत नाही." हे खोटे नाही. सौम्यता ही देखील आटणारी वस्तू आहे, आणि जो कधी तान्ह्या मुलापायी सलग तीन रात्री जागला त्यास हे सांगावे लागणार नाही. पण आम्ही त्यांस विचारले, की ती आटते तेव्हा नेहमी कातकरणीवरच का आटते? तलाठ्याच्या पत्नीस चौदाव्या तासालाही "ताई, जरा थांबा हं" असे का म्हटले जाते? त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, हा विचार त्यांनी केला नव्हता. थकवा मनुष्यास कठोर करितो खरे, पण कोणापुढे कठोर व्हावे ही निवड त्याने आधीच करून ठेविलेली असते. भात थोडा असणे वाढप्याचा दोष नाही. तो शेवटल्या ओळीपुढे भांडे आपटून ठेवील तर तो मात्र त्याचाच दोष, आणि त्याची क्षमा मागावी लागेल.

उलट बाजूने आपलाही एक दोष आहे, आणि तो मिशनांच्या परंपरेत वाढलेल्या आम्हांस विशेष लागू पडतो. या प्रांतात परिचारिकेचे काम शिकविण्यास ज्यांनी आरंभ केला त्यांत मिशन रुग्णालये होती; आपल्या घराण्यांतील मुली त्या कामी पुष्कळ गेल्या, ज्या काळी इतर घरे परक्याच्या मलमूत्रास हात लावणे कमीपणाचे मानीत. आपण त्या कामास "सेवा" हा शब्द दिला. शब्द सुंदर आहे. पण पुढे त्या शब्दाचा एक निराळाच उपयोग होऊ लागला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने खेड्यांत "आशा" नेमण्यास आरंभ केला, सामान्यतः १,००० लोकांमागे एक. त्या स्वयंसेविका ठरल्या, म्हणून त्यांस पगार नाही, मानधन व कामागणिक मोबदला. साथीच्या दिवसांत याच बाया घरोघर फिरल्या; ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने आपल्या जिल्ह्याची छपरे उडविली, गावोगाव वीज गेली, तेव्हाही फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सर्व आशांचा गौरव केला. आणि २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील याच आशा मानधनवाढीसाठी संपावर बसल्या, तेव्हा कितीएक भल्या माणसांनी म्हटले, "सेवेचे काम, आणि त्यात संप?" मार्च २०२३ मध्ये सरकारी परिचारिका पेन्शनसाठी संपात उतरल्या तेव्हाही हेच ऐकू आले. रुग्णास टाकून जाणे ही साधी गोष्ट नव्हे. त्या दिवसांत ज्यांची माणसे वॉर्डात होती त्यांच्या हालांकडे आम्ही डोळेझाक करीत नाही. पण त्याग हा करणाऱ्याने आपखुषीने करावयाचा असतो. दुसऱ्याचा त्याग आगाऊ जमेस धरून अंदाजपत्रक बांधणे यास आमच्या भाषेत निराळा शब्द आहे.

आणि जेव्हा वाईट घडते तेव्हा जाब कोणास द्यावा लागतो? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला व ११ रुग्ण मेले. दोन्ही ठिकाणी ज्यांवर कारवाई झाली त्यांत डॉक्टरांबरोबर परिचारिका होत्या. नगरास तर परिचारिकांस अटकही झाली. त्यांच्या हातून काय चुकले याचा निवाडा न्यायालयाचा, आमचा नव्हे. आम्ही एवढेच पाहतो की आगीचा बंदोबस्त कसा व केव्हा करावा हे ठरविणारी सही ज्या टेबलावर व्हावयाची होती ते टेबल त्या खोल्यांपासून फार दूर होते, आणि परिचारिका दाराशीच उभ्या होत्या. दाराशी उभा असलेला हाती लवकर लागतो.

कोणी विचारवंत वाचक येथे आम्हांस अडवील. तो म्हणेल, "जगातील कोणत्याही राजाने प्रत्येक खाटेपाशी एक परिचारिका ठेविली नाही व ठेवणार नाही. वाटणी म्हटली की कोणीतरी शेवटल्या ओळीत बसणारच. मग दोष कोणाचाच नाही. याचे नाव दैव." आम्ही यातील पहिले वाक्य मान्य करितो. भात अमर्याद शिजत नाही. पण शेवटल्या ओळीत कोण बसणार हे दैव ठरवीत नसते. पेणच्या डोंगरातील वाडी दरवेळी शेवटल्या ओळीत, आणि महामार्गालगतचे गाव दरवेळी पहिल्या, असे वर्षानुवर्षे घडत असेल तर त्यास दैव म्हणणे म्हणजे देवावर आळ घालणे होय. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटणीची एक तक्रार आली आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी वाढणाऱ्यांस उपदेश केला नाही, विधवांस सोशिकपणा शिकविला नाही. त्यांनी सात पदे निर्माण केली, आणि ती भरली. नेमलेल्या सातांची नावे पाहावीत, ती ग्रीक आहेत. तक्रार करणाऱ्यांच्या बाजूची माणसे कोठीवर बसविली गेली.

आम्ही या विचाराने त्या बंधूंकडे पुन्हा गेलो. त्यांस सांगितले, की सिस्टरबाईंनी ती रात्र जशी वाटली तशीच ती वाटावयास हवी होती, म्हणून त्या गोष्टीची क्षमा करावयाची नाही. तुमच्या वडिलांचे घेणे मात्र खरे आहे, ते सोडू नका. ते ज्यांच्याकडे आहे त्यांत सरकार आहे, जिल्हा परिषद आहे, आणि ज्यांनी गावच्या सभेत सभामंडपासाठी हात वर केला व उपकेंद्राचा विषय आला तेव्हा घरची वाट धरली, ते तुम्ही व आम्हीही आहो. मंजूर पदे किती व भरलेली किती हे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली कोणासही विचारता येते. अर्जास दहा रुपये लागतात. रुग्णालयांस रुग्ण कल्याण समिती असते, गावास आरोग्य व पोषणाची समिती असते. तिच्या सभा कागदावर होतात की खरोखर, हे तेथे जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.

बंधूंनी अर्ज केला. त्याआधी एके बाजारच्या दिवशी ते त्या रुग्णालयात जाऊन सिस्टरबाईंस भेटले. त्या त्यांस ओळखीत नव्हत्या. नाव सांगितल्यावरही आठवेना. मग खाटेचा क्रमांक सांगितला, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या व म्हणाल्या, "तुम्ही दोनदा हाक मारलीत." दोघांत आणखी काय बोलणे झाले ते बंधूंनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही. अर्जाचे उत्तर महिन्याने आले. त्यात मंजूर पदांचा आकडा होता, भरलेल्या पदांचा होता, आणि खाली एक ओळ होती की एका अधिपरिचारिकेची बदली झाली असून ते पद रिक्त आहे. बदली त्याच सिस्टरबाईंची होती. त्या वॉर्डात आता रात्री कोण असते हे विचारण्यासाठी बंधूंनी दुसरा अर्ज लिहावयास घेतला आहे.